पॉवर ॲप्समधे मोठी लिस्ट फिल्टर करताना: 500 ओळींच्या पुढं काय होतं आणि ते आधीच कसं टाळायचं

मी चाकणला एका कारखान्यात स्टोअर्सला आहे. आमच्या गेटवरचं इनवर्ड रजिस्टर, म्हणजे कुठली गाडी आली, कुणाचं चलान, काय माल, किती वाजता आत घेतली, हे सगळं आधी जाड वहीत लिहायचो. ते मी पॉवर ॲप्समधे (मायक्रोसॉफ्टचं, फारसं कोडिंग न करता ॲप बनवायचं साधन) ॲप करून मोबाइलवर आणलं, डेटा ठेवला शेअरपॉइंटच्या लिस्टमधे (हाही मायक्रोसॉफ्टचाच, ऑनलाइन तक्ता). टेस्टिंगच्या वेळी लिस्टमधे 40 ओळी होत्या, सगळं एकदम फास्ट, सर्च पण बरोबर. सगळे खुश.

रोज 12-15 गाड्या येतात, त्यामुळं दीड महिन्यात लिस्ट 500 च्या पुढं गेली. त्यानंतर एक दिवस गेटवरच्या माणसानी एका सप्लायरचं चलान शोधलं, ॲपनी काहीच दाखवलं नाही, त्याला वाटलं एंट्री राहिलीय म्हणून त्यानं परत केली, त्यावर जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) दोनदा झाला आणि बिल पास करताना अकाउंट्सला कळलं की एकच माल दोनदा आलेला दिसतोय. मी लिस्ट उघडून बघितली तर पहिली एंट्री जागेवर होती! एरर नाही, मेसेज नाही, ॲप सरळ रिकामं दाखवत होतं.

दोन दिवस डोकं लावल्यावर कारण सापडलं आणि पुढं जे जे शिकत गेले ते सगळं इथं क्रमानं लिहितेय, कारण नवीन माणूस नेमका इथंच अडकतो आणि आपण अडकलोय हेही त्याला महिनाभर कळत नाही. उदाहरणं माझ्या इनवर्डच्या ॲपची आहेत, तुमचं कंप्लेंट रजिस्टर असेल, हजेरी असेल, सोसायटीचं व्हिजिटर रजिस्टर असेल, हिशोब तोच.

फॉर्म्युले मी वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना फंक्शनची नावं इंग्रजी स्पेलिंगनीच टाकायची, नाहीतर चालणार नाही.

आधी हे हाताशी ठेवा

- ऑफिसचं मायक्रोसॉफ्ट 365 चं अकाउंट, ज्यात पॉवर ॲप्स चालू आहे. शेअरपॉइंट हा स्टँडर्ड कनेक्टर (ॲपला डेटाशी जोडणारा दुवा) आहे, त्याला वेगळं प्रीमियम लायसन्स लागत नाही.
- लिस्टच्या सेटिंग्ज बदलायचा हक्क. नुसता एंट्री करायचा हक्क असेल तर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी, सर्व्हरला ओळ पटकन सापडावी म्हणून कॉलमची केलेली सूची) लावता येणार नाही, साइटच्या ओनरला आधीच सांगून ठेवा.
- लॅपटॉप. ॲप मोबाइलवर चालतं पण बनवायचं काम ब्राउझरमधेच.
- लिस्टची एक टेस्ट कॉपी, ज्यात निदान 3000 खोट्या ओळी असतील. एक्सेलमधे तारखा, नंबर खाली ओढून बनवा आणि लिस्टच्या ग्रिड व्ह्यूमधे थोड्या थोड्या पेस्ट करा. हे कंटाळवाणं आहे पण हे केलं नाही तर तुमची टेस्टिंग माझ्यासारखी 40 ओळींवर होईल.
- एक कागद पेन. खरंच.

1. चाळायचं काम कोण करतंय ते आधी समजून घ्या

समजा तुम्ही धान्याच्या गोदामात गेलात आणि गोदामवाल्याला म्हणालात की मंगळवारी आलेली गव्हाची पोती द्या. त्याला कळलं, तो आत जाऊन नेमकी तीच पोती आणून देतो, गोदामात दहा हजार पोती असली तरी तुम्हाला फरक पडत नाही. पण तुम्ही असं काही विचारलं की जे त्याच्या भाषेत बसतच नाही, तर तो म्हणतो मला कळत नाही बुवा, ही पहिली 500 पोती घ्या आणि तुमचं तुम्ही बघा. मग तुम्ही दारात बसून त्या 500 मधेच शोधता, आणि तुमचं पोतं 501 वं असेल तर ते तुमच्या लेखी नाहीच.

इथं गोदामवाला म्हणजे शेअरपॉइंटचा सर्व्हर आणि दारात बसलेले तुम्ही म्हणजे मोबाइलवरचं ॲप. सर्व्हरला कळेल अशा शब्दात काम सोपवणं, याला पॉवर ॲप्समधे डेलिगेशन म्हणतात. फॉर्म्युला डेलिगेट होत असेल तर अख्ख्या लिस्टमधून उत्तर येतं आणि गॅलरीत (स्क्रीनवरच्या यादीत) ते 100-100 ओळींनी खाली सरकवू तसं भरत जातं. डेलिगेट होत नसेल तर ॲप पहिल्या 500 ओळी उचलतं आणि त्यांच्यातच फिल्टर लावतं.

हा 500 चा आकडा ॲपच्या सेटिंग्जमधे जनरलखाली 'डेटा रो लिमिट' म्हणून आहे, तो जास्तीत जास्त 2000 करता येतो. खूप जण हा आकडा 2000 करून मोकळे होतात. तसं करू नका, म्हणजे आकडा वाढवा हवा तर, पण ते औषध नाही, तुमची अडचण चार महिन्यांनी पुढं ढकलली एवढंच, आणि वर ॲप हळू होतं कारण प्रत्येक वेळी 2000 ओळी मोबाइलवर ओढल्या जातात.

आता आमच्याकडं हे लवकर का कळलं नाही तेही सांगते. पहिल्या 500 म्हणजे साधारण सगळ्यात जुन्या 500 असतात. पण सर्चचा चौकोन रिकामा असताना मी वेगळा फॉर्म्युला दिला होता, नुसतं तारखेनी उलटं सॉर्ट, आणि ते सॉर्ट डेलिगेट होतं. त्यामुळं ॲप उघडलं की आजच्या गाड्या वर दिसायच्या, सगळं बरोबर वाटायचं. सर्च केलं की मात्र फक्त जुन्या ओळींमधे शोध. म्हणजे ताजी एंट्री डोळ्यांना दिसतेय पण शोधली तर मिळत नाही. तुमच्या ॲपमधे असं काही दिसलं तर दुसरीकडं कारण शोधत बसू नका.

स्टुडिओ, म्हणजे ॲप बनवायची ब्राउझरमधली जागा, याची सूचना देतो बरं का. फॉर्म्युल्याखाली निळी नागमोडी रेघ येते आणि कंट्रोलवर (यादी, बटण, सर्चचा चौकोन वगैरे) पिवळा त्रिकोण. मी तो त्रिकोण पाहिला होता आणि ॲप चालतंय म्हणून सोडून दिला होता. तुम्ही सोडू नका. एकही पिवळा त्रिकोण समजून घेतल्याशिवाय ॲप पब्लिश करायचं नाही हा नियम आजपासून लावून घ्या.

2. लोक ॲपला काय विचारणार ते कागदावर लिहा

स्क्रीन बनवायच्या आधी हे करा. गेटवर, स्टोअर्समधे, अकाउंट्समधे जाऊन विचारा की तुम्ही वहीत काय शोधता. मला पाच प्रश्न मिळाले: हे चलान आलंय का, या नंबरची गाडी कधी आली होती, आज काय काय आलं, या सप्लायरचं या महिन्यात काय आलं, आणि अजून क्वालिटीला कुठला माल अडकलाय.

प्रत्येक प्रश्नापुढं कॉलम लिहा, कॉलमपुढं त्याचा प्रकार. इथं काही गोष्टी आधीच ठरवलेल्या बऱ्या पडतात:

चलान नंबर हा टेक्स्ट ठेवा, नंबर नको. पुढची शून्यं उडतात आणि कित्येक सप्लायर मधे तिरकी रेघ, अक्षरं घालतात.

स्टेटस साठी चॉइस कॉलम चालतो, पण एकच पर्याय निवडता येणारा. एकाहून जास्त निवडता येणाऱ्या चॉइसवर इंडेक्स लागत नाही.

एकापेक्षा जास्त ओळींचा टेक्स्ट, म्हणजे शेरा वगैरे, यावर फिल्टर करायचं स्वप्न बघू नका. कॅल्क्युलेटेड कॉलमचं तसंच, त्यालाही इंडेक्स लागत नाही. जे काही काढायचंय ते सेव्ह करताना ॲपमधूनच काढून साध्या कॉलममधे टाकून द्यायचं, याचं उदाहरण पुढं येतंय.

3. इंडेक्स आत्ताच लावा, लिस्ट रिकामी असताना

शेअरपॉइंटच्या लिस्टमधे 3 कोटी ओळी मावतात, पण एका वेळच्या कामासाठी 5000 ओळींची मर्यादा आहे. लिस्ट 5000 च्या वर गेली आणि तुम्ही ज्या कॉलमवर फिल्टर लावताय त्याला इंडेक्स नसेल तर सर्व्हर ते काम करायलाच नकार देतो. म्हणजे 500 वाली भिंत पार केली, डेलिगेशन बरोबर केलं, तरी ही दुसरी भिंत उभीच. ही निदान एरर तरी दाखवते.

लिस्ट उघडा, वर गिअरचं चिन्ह, लिस्ट सेटिंग्ज, खाली कॉलमांच्या यादीच्या शेवटी 'इंडेक्स्ड कॉलम्स', तिथं नवीन इंडेक्स. दुसऱ्या पायरीत कागदावर जे कॉलम आले ते सगळे लावून टाका. एका लिस्टला 20 इंडेक्स लावता येतात, त्यापेक्षा जास्त लागत असतील तर कागदावरचे प्रश्नच परत बघा.

हे आत्ता का म्हणतेय, कारण लिस्ट 20,000 च्या पुढं गेली की हातानं इंडेक्स लावता येत नाही. मग ओळी काढून दुसरीकडं हलवा, इंडेक्स लावा, परत आणा असला उद्योग होतो. रिकाम्या लिस्टवर हे पाच मिनिटांचं काम आहे.

अजून एक बारकावा. फिल्टरमधे दोन तीन अटी असतील तर जी अट सगळ्यात जास्त ओळी गाळून टाकते ती पहिली लिहा, तिच्या कॉलमला इंडेक्स हवाच, आणि तिनं ओळी 5000 च्या खाली आल्या पाहिजेत. आमच्याकडं ती अट तारीख आहे. स्टेटस पहिलं घेतलं असतं तर 'पूर्ण' या एका स्टेटसमधेच नव्वद टक्के लिस्ट बसते, त्या गाळण्याचा उपयोग काय. 'हे किंवा ते' अशी अट असेल तर दोन्ही कॉलमला इंडेक्स लावा.

4. फॉर्म्युले: सर्व्हरला काय कळतं आणि काय नाही

हा भाग सावकाश वाचा, सगळा खेळ इथंच आहे. आणि हे शेअरपॉइंटपुरतं आहे हे लक्षात ठेवा, डेटा दुसरीकडं असेल तर यादी बदलते.

*चलान शोधायचं.* माझा चुकलेला फॉर्म्युला असा होता:

फिल्टर(इनवर्ड, सर्चबॉक्स.टेक्स्ट इन चलान_नंबर)

'इन' म्हणजे मधे कुठंही हे अक्षर असेल तर. शेअरपॉइंटला हे डेलिगेट होत नाही. 'सर्च' नावाचं फंक्शन पण होत नाही, आणि नाव सर्च असल्यामुळं सगळे नवीन लोक पहिल्यांदा तेच वापरतात. जे चालतं ते हे:

फिल्टर(इनवर्ड, स्टार्ट्सविथ(चलान_नंबर, सर्चबॉक्स.टेक्स्ट))

म्हणजे सुरुवात जुळली पाहिजे. चलानसाठी हे चालून जातं, कारण कागद हातात असतो आणि माणूस पहिल्यापासूनच टाइप करतो.

*गाडी नंबर शोधायचा.* इथं स्टार्ट्सविथ काही कामाचं नाही. आमच्याकडं निम्म्या गाड्या एमएच 14 नी सुरू होतात आणि उरलेल्यातल्या बऱ्याच एमएच 12 नी. आणि गाडीचा नंबर कुणी पहिल्यापासून सांगतं का? सगळे शेवटचे चार आकडे सांगतात, "ती पंचेचाळीस एकवीस आली का" असंच विचारतात. म्हणून लिस्टमधे 'गाडी_शेवट' नावाचा वेगळा टेक्स्ट कॉलम केला, एंट्री सेव्ह होताना राइट फंक्शननी नंबरातले शेवटचे चार आकडे त्यात जातात, त्याला इंडेक्स लावला, आणि फिल्टर साधा बरोबरचा:

फिल्टर(इनवर्ड, गाडी_शेवट = सर्चबॉक्स.टेक्स्ट)

मला ही युक्ती सगळ्यात जास्त आवडते कारण ती लोक जसं बोलतात तशी आहे. तुमच्याकडं पण असं काहीतरी असतंच, फ्लॅट नंबर, रोल नंबर, मोबाइलचे शेवटचे आकडे. शोधायची किंमत एंट्रीच्या वेळीच चुकवून टाकायची.

सेव्ह करताना नंबरातल्या स्पेस आणि डॅश काढून टाका आणि अक्षरं मोठी करा, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या पद्धतीनी टाकतो आणि मग जुळत नाही. जुन्या ओळींमधे हा नवीन कॉलम रिकामा असेल, त्या एकदा एक्सेलमधे काढून ग्रिड व्ह्यूमधून भरून घ्या, हे विसरलात तर जुन्या गाड्या सापडणार नाहीत.

*तारीख.* महिना काढायला लोक असं लिहितात की इयर(तारीख) = 2025 आणि मंथ(तारीख) = 6. होत नाही. कॉलमवर फंक्शन लावलं की सर्व्हर हात वर करतो. कॉलम एकटा ठेवायचा आणि हिशोब दुसऱ्या बाजूला करायचा:

फिल्टर(इनवर्ड, तारीख >= सुरुवात && तारीख < शेवट)

सुरुवात आणि शेवट ही व्हेरिएबल (ॲपनी नावानी लक्षात ठेवलेल्या किमती) आहेत, महिना निवडला की सेट होतात. शेवट म्हणजे पुढच्या महिन्याची 1 तारीख, आणि खूण 'पेक्षा लहान' ची आहे, 'पेक्षा लहान किंवा बरोबर' ची नाही. कारण कॉलममधे वेळ पण असते. 30 जूनला दुपारी 3 ला आलेली गाडी '30 जून किंवा आधी' मधे येत नाही, कारण 30 जून म्हणजे त्या दिवसाचे रात्रीचे 12. याच कारणानी 'तारीख = टुडे' लिहून आजच्या गाड्या पण येत नाहीत. आज म्हणजे आज 12 पासून उद्या 12 च्या आधीपर्यंत, दोन अटी लिहाव्याच लागतात.

*रिकामं असणं.* क्वालिटीला अडकलेला माल म्हणजे ज्याची क्वालिटीची तारीख भरलेली नाही. इझब्लँक फंक्शन लावलं तर डेलिगेट होत नाही, पण कॉलम = ब्लँक() असं लिहिलं तर होतं. अर्थ जवळपास तोच, लिहायची पद्धत वेगळी. 'नाही' वाली अट, म्हणजे नॉट किंवा उद्गारचिन्ह, ती पण डेलिगेट होत नाही, म्हणून 'पूर्ण नसलेले' असं न लिहिता 'पेंडिंग असलेले किंवा होल्डवर असलेले' असं सरळ लिहा. हो किंवा नाही वाला कॉलम असेल तर पुढं = ट्रू स्वच्छ लिहून टाका.

*माझ्याच एंट्री.* पर्सन कॉलमवर ईमेल आणि डिस्प्लेनेम या दोनच गोष्टी डेलिगेट होतात. ईमेलच घ्या, एका नावाची दोन माणसं प्रत्येक ऑफिसात असतात. आणि युजर().ईमेल हे फिल्टरच्या आत लिहू नका, ॲप सुरू होताना एकदा व्हेरिएबलमधे घ्या आणि ते वापरा.

*आयडी चा सापळा.* लिस्टचा आपोआप येणारा आयडी नंबर आहे, त्यामुळं वाटतं की आयडी > 2000 असं लिहून पुढच्या ओळी मागवता येतील. नाही येत. आयडीवर फक्त 'बरोबर' डेलिगेट होतं, लहान मोठं नाही. तसं करायचंच असेल तर आयडीची कॉपी वेगळ्या नंबर कॉलममधे ठेवावी लागते.

*ड्रॉपडाउनमधला 'सर्व'.* स्टेटसच्या ड्रॉपडाउनमधे 'सर्व' असा पर्याय देतोच आपण. तिथं एकाच फिल्टरमधे सगळं कोंबण्यापेक्षा बाहेरून इफ लावा, 'सर्व' असेल तर तारखेचा फिल्टर, नसेल तर तारीख आणि स्टेटसचा फिल्टर. लांबलचक दिसतं पण सहा महिन्यांनी वाचलं तर कळतं आणि त्रिकोण येत नाही.

5. मधलं अक्षर शोधायचंच असेल तर

मालाचं नाव शोधताना लोकांना 'बेअरिंग' टाकून 'बॉल बेअरिंग 6205' हवं असतं, इथं स्टार्ट्सविथ चालत नाही आणि शेवटच्या चार आकड्यांसारखी युक्ती पण नाही. मग दोन टप्प्यात चाळायचं. आधी सर्व्हरकडून तारखेनी थोडं मागवायचं, मग त्या थोड्यातच मोबाइलवर शोधायचं:

विथ({थोडं: फिल्टर(इनवर्ड, तारीख >= सुरुवात && तारीख < शेवट)}, फिल्टर(थोडं, सर्चबॉक्स.टेक्स्ट इन मालाचं_नाव))

पहिल्या फिल्टरचं उत्तर डेटा रो लिमिटच्या आत बसलं पाहिजे, हे इथं सगळ्यात महत्त्वाचं. आमच्याकडं महिन्याला साधारण 350-400 ओळी होतात, म्हणून मी लिमिट 2000 केलं आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांची मुभा दिली. शिवाय एक सेफ्टी: 'थोडं' मधल्या ओळी मोजून त्या बरोबर 2000 भरल्या तर लाल अक्षरात मेसेज येतो की तारखेची मुदत कमी करा, सगळा डेटा आलेला नाही. ॲपला कळत असताना त्यानं माणसाला सांगितलंच पाहिजे, नाहीतर परत तोच गुपचूप रिकामं दाखवायचा प्रकार.

6. आणखी सापळे, पटापट

ॲप सुरू होताना क्लिअरकलेक्ट करून, म्हणजे कलेक्शन नावाच्या ॲपमधल्या तात्पुरत्या यादीत भरून, अख्खी लिस्ट मोबाइलवर आणायची असं बऱ्याच व्हिडिओत दाखवतात. क्लिअरकलेक्टला पण तीच 500 किंवा 2000 ची मर्यादा आहे, पुढच्या ओळी येत नाहीत, आणि एकदा कलेक्शनमधे आल्या की त्यावरचे सगळे फिल्टर विनातक्रार चालतात, त्रिकोण दिसायचं कारणच उरत नाही. छोट्या, न वाढणाऱ्या याद्यांना मात्र हे उत्तम आहे. आमच्या सप्लायरची यादी 120 नावांची आहे, ती मी अशीच आणते.

त्यावरूनच पुढचं. गॅलरीच्या प्रत्येक ओळीत सप्लायरचं नाव आणायला लुकअप (दुसऱ्या यादीतून जुळणारी ओळ शोधणारं फंक्शन) लावलं तर प्रत्येक ओळीसाठी सर्व्हरला वेगळा फोन लागतो, 100 ओळी म्हणजे 100 फोन. गेटवर नेटवर्क आधीच दीड काडी. नाव कलेक्शनमधून घ्या, नाहीतर एंट्री सेव्ह करतानाच इनवर्डमधे नाव लिहून ठेवा.

सर्चच्या चौकोनाला 'डिले आउटपुट' ट्रू करा. नाहीतर प्रत्येक अक्षर टाइप केलं की शोध सुटतो. हे चालू केलं की टाइप करणं थांबल्यावर अर्धा सेकंद थांबून एकदाच सुटतो.

एकूण किती गाड्या, एकूण किती वजन, असे आकडे ॲपमधे दाखवायच्या भानगडीत शक्यतो पडू नका. शेअरपॉइंटवर काउंटरोज आणि सम डेलिगेट होत नाहीत. माझ्या होम स्क्रीनवर 'एकूण एंट्री 500' असं तीन आठवडे लिहिलेलं होतं आणि साहेबांना तो खरा आकडा वाटत होता. एका दिवसाची बेरीज ठीक आहे कारण त्या ओळी थोड्या असतात. महिन्याच्या बेरजेसाठी लिस्ट एक्सेलमधे काढून पिव्होट लावा, किंवा पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं साधन) असेल तर तिथं.

7. टेस्टिंग: डेटा रो लिमिट 1 करा

ही एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर! सेटिंग्जमधला 500 चा आकडा काढून 1 टाका. आता ॲप चालवा. जो फिल्टर डेलिगेट होतो तो सगळ्या ओळी नीट दाखवेल, जो होत नाही तिथं एकच ओळ येईल किंवा काहीच नाही. 40 ओळींच्या लिस्टवर सुद्धा चूक लगेच समोर येते. छोट्या सप्लायर यादीचं कलेक्शन पण एका ओळीचं होईल, त्याला घाबरू नका, ते अपेक्षित आहे. प्रत्येक स्क्रीन, प्रत्येक ड्रॉपडाउनचा प्रत्येक पर्याय फिरून बघा, सर्च रिकामं ठेवून आणि भरून दोन्ही. झालं की आकडा परत जागेवर आणायला विसरू नका.

मग 3000 ओळींच्या टेस्ट कॉपीवर जा. पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन ओळींचे चलान नंबर कागदावर लिहा आणि तिन्ही शोधा. शेवटची सापडली नाही तर चौथ्या पायरीवर परत.

'मॉनिटर' नावाचं साधन स्टुडिओतच आहे. ते उघडून ॲप चालवलं की कुठल्या क्लिकला सर्व्हरकडं काय मागणी गेली, किती ओळी आल्या, किती वेळ लागला ते ओळीनं दिसतं. तुमची तारखेची अट त्या मागणीत दिसतेय का ते बघा. दिसत नसेल तर ती सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही. सुरुवातीला हे अवघड दिसतं, पण तुम्हाला एवढंच बघायचंय.

आणि हे सगळं लॅपटॉपवर झाल्यावर एकदा गेटवर जाऊन तिथल्याच मोबाइलवर, तिथल्याच नेटवर्कवर बघा.

8. लिस्ट वाढतच राहिली तर

वर्षाला आमच्या 4500 च्या आसपास ओळी होतात, म्हणजे एका वर्षात 5000 च्या दाराशी. इंडेक्स असल्यामुळं पुढं गेली तरी ॲप चालतं, पण मी दर एप्रिलमधे, ऑडिट झालं की, दोन वर्षांपूर्वीच्या ओळी 'इनवर्ड_जुनं' अशा दुसऱ्या लिस्टमधे हलवते. त्या लिस्टला पण तेच कॉलम, तेच इंडेक्स, आणि ॲपमधे 'जुनं रेकॉर्ड' असं वेगळं बटण. हलवायच्या आधी एक्सेल कॉपी काढायची, हलवल्यावर दोन्हीकडच्या ओळी मोजून जुळवायच्या, मगच मूळ लिस्टमधून डिलीट करायचं.

तुमच्या ओळी याच्या दसपट असतील, किंवा मधलं अक्षर शोधणं आणि बेरजा रोजच लागत असतील, तर शेअरपॉइंटशी झटत बसण्यापेक्षा डेटाव्हर्स किंवा एसक्यूएल सर्व्हरचा (मायक्रोसॉफ्टचेच मोठे डेटाबेस) विचार करा, तिथं 'इन' आणि 'सर्च' दोन्ही डेलिगेट होतात. पण ते प्रीमियम कनेक्टर आहेत, ॲप वापरणाऱ्या प्रत्येकाला लायसन्स लागतं, तेव्हा आयटीकडून खर्च काढून घ्या आणि मगच साहेबांकडं जा. आणि ज्यांचं ॲप गूगलच्या ॲपशीटवर आहे त्यांच्यासाठी: तिथं 'स्लाइस' (टेबलचा गाळून दाखवलेला भाग) लावली तरी डेटा आधी फोनवर येतो आणि मग गाळला जातो, फोनवर कमी डेटा यायला हवा असेल तर 'सिक्युरिटी फिल्टर' लावावा लागतो.

मोबाइलच्या कॅलेंडरमधे महिन्यातून एकदा लिस्टच्या ओळी बघायचं रिमाइंडर लावून ठेवा. 500, 2000, 5000 यातला कुठलाही आकडा पार झाला की त्याच दिवशी त्या दिवसाचं शेवटचं चलान ॲपमधे शोधून बघायचं.